पिवळा रंग पास होईपर्यंत: लाकडी खेळणी, शिसं आणि आमचे नऊ महिने

गेल्या दोन महिन्यांत तिघांनी फोन करून एकच प्रश्न विचारला: "वहिनी, तुमच्या खेळण्यांना आयएसआय मिळाला म्हणे, काय काय करावं लागलं?" दर वेळी फोनवर सांगताना निम्मं राहून जातं. म्हणून आज बसून सगळं लिहून काढतेय. यातला मोठा भाग कागदपत्रांपेक्षा रंगाचाच आहे, कारण आमचं घोडं तिथंच अडलं होतं.

आमचं वर्कशॉप सावंतवाडीजवळ आहे. दोन लेथ, एक बँडसॉ, सहा माणसं. सासरे, म्हणजे आमचे अण्णा, चाळीस वर्षं लाकडी फळं करतायत. पांगाऱ्याच्या लाकडाची केळी, कैऱ्या, लिंबं. परडीत रचून ठेवली तर पाहुणा हात पुढे करतोच. खुळखुळे आणि भोवरे लेथवरच लाखेने रंगतात. फळांना मात्र ब्रशने ऑईल पेंट लागतो. हिशेब आणि ऑनलाइन विक्री माझ्याकडे.

14 जून 2022 ला पुण्याच्या एका खेळण्यांच्या दुकानाची मेल आली. फळांच्या दोनशे परड्या हव्यात, पण आयएसआय मार्कशिवाय माल घेता येणार नाही. नियम मला ऐकून माहीत होता. केंद्र सरकारचा खेळण्यांच्या गुणवत्तेचा आदेश फेब्रुवारी 2020 चा आणि तो लागू झाला 1 जानेवारी 2021 पासून. चौदा वर्षांखालच्या मुलांसाठीचं कुठलंही खेळणं भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) परवान्याशिवाय, म्हणजे आयएसआय मार्काशिवाय, विकता येत नाही. पण त्यातून कारागिरांना सूट आहे, असं आम्ही धरून चाललो होतो.

सूट आहे, पण ती कोणाला ते नीट वाचा. हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिराने स्वतः बनवून स्वतः विकलेल्या मालाला ती मिळते. अण्णांकडे त्या नोंदणीचं 'पहचान' कार्ड आहे. पण विक्री होते माझ्या नावच्या फर्मकडून, उद्यम नोंदणीही (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) तिचीच आणि बिलावर नावही तिचंच. म्हणजे आम्ही कारखानदार ठरलो. दोन संध्याकाळी नवऱ्याशी वाद झाला. अण्णांच्या नावावर बिलं फाडावीत असं त्याचं म्हणणं. मला ते पटेना. सूट मार्कापासून मिळते, मुलाच्या तोंडात जाणारा रंग काही त्याने बदलत नाही. आमचा धाकटा तेव्हा अडीच वर्षांचा होता आणि त्याचं आवडतं केळं दिवसभर त्याच्या तोंडात असायचं.

ठरलं, परवाना काढायचा. पण अर्ज भरण्याआधी रंग तपासून घेऊ असं मी म्हटलं. हा एकच निर्णय मी सुरुवातीला बरोबर घेतला. आधी अर्जाचे पैसे भरून मग नमुना नापास झाला असता तर सगळंच पुन्हा करावं लागलं असतं.

खेळण्यांसाठीचं मानक आहे आयएस 9873. त्याचे बरेच भाग आहेत. पहिला टोकं, कडा, सुटे होणारे भाग, तोडमोड यांचा. दुसरा ज्वलनशीलतेचा. तिसरा खेळण्यातून बाहेर पडणाऱ्या मूलद्रव्यांचा. रंगाचं सगळं या तिसऱ्या भागात येतं. त्यात आठ मूलद्रव्यांच्या मर्यादा आहेत, किलोला मिलिग्रॅममध्ये: शिसं 90, क्रोमियम 60, कॅडमियम 75, अर्सेनिक 25 आणि बाकीची. चाचणी कशी होते ते प्रयोगशाळेतल्या बाईंनी फोनवर सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला. खेळण्यावरचा रंग खरवडतात, बारीक करून अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून काढतात, मग पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात 37 अंशांवर एक तास हलवतात आणि एक तास तसाच ठेवतात. आम्ल किती, तापमान किती, हे सगळं मुलाच्या पोटावरून ठरवलेलं. त्या दोन तासांत आम्लात जेवढं शिसं उतरलं तेवढं मोजतात.

5 जुलैला मुंबईच्या एका मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला सहा रंगांचे नमुने पाठवले: पिवळा, नारिंगी, हिरवा, लाल, पांढरा, काळा. प्रत्येकी दोन फळं. चार दिवसांनी फोन आला की माल कमी पडतोय. पांगारा मऊ, पातं लावलं की रंगाबरोबर लाकूडही निघून येतं आणि त्यांना नुसता रंग हवा असतो. पुन्हा पार्सल केलं. तुम्ही लाकडी वस्तू पाठवणार असाल तर एका रंगाची पाच-सहा नग पाठवा आणि वर एकाच रंगाचा मोठा भाग असेल अशी. ठिपक्या-ठिपक्यांचं खेळणं पाठवलंत तर खरवडणारा तुम्हाला शिव्या घालेल. एका रंगाला 1,900 रुपये, सहांचे 11,400, वर अठरा टक्के जीएसटी, एकूण 13,452.

मधल्या दिवसांत मी नाही नाही ते उद्योग केले. इंटरनेटवर शिसं ओळखायच्या रंग बदलणाऱ्या काड्या दिसल्या, त्या मागवणार होते. मग आठवलं, सोन्याचा कस बघायला हॉलमार्किंगवाल्यांकडे क्ष-किरणांचं यंत्र असतं, त्याखाली कैरी ठेवून बघावी का? प्रयोगशाळेतल्या बाई मनापासून हसल्या. ते यंत्र सोन्यासाठी लावलेलं असतं, रंगाच्या थरासाठी नाही, आणि काड्यांच्या भरवशावर कुठलाही निर्णय घेऊ नका, म्हणाल्या. दोन्ही बेत रद्द केले.

अण्णांना भीती लालची वाटत होती. शेंदूर म्हणजे शिशाचाच हे जुन्या माणसांना ठाऊक असतं. गवयाला शेंदूर खाऊ घालून आवाज घालवल्याच्या गोष्टी त्यांनीच मला सांगितल्या होत्या. त्यामुळे लाल म्हणजे वाईट, हे डोक्यात पक्कं होतं.

21 जुलैला अहवाल आला. शिशाचे आकडे: लाल 22, काळा 8, पांढरा 5 च्या खाली. पिवळा 412. नारिंगी 268, हिरवा 189. पिवळ्यात क्रोमियमही 97. मर्यादा 60 ची.

मी तो कागद घेऊन लेथजवळ गेले. अण्णांनी चष्मा लावून वाचला आणि परत दिला. "गो बाय, चाळीस वर्सा ह्योच रंग लावतंय. कोण मेलो?"

मी काही बोलले नाही. धाकट्याच्या हातातलं केळं काढून घेतलं. तो रात्रभर रडला.

आता कारणाकडे येते. तीन रंग नापास झाले, पण दोषी एकच होता. आमचा नारिंगी म्हणजे पिवळ्यात लाल, हिरवा म्हणजे पिवळ्यात निळा. तिन्हींच्या मुळाशी तोच पिवळा डबा. चमकदार, एका हातात लाकूड झाकणारा, उन्हात न उतरणारा असा पिवळा स्वस्तात हवा असेल तर त्यात बहुतेक वेळा लेड क्रोमेट असतं, म्हणजे शिसं आणि क्रोमियम दोन्ही. दोन्ही आकडे एकत्र वाढलेले दिसले की पहिला संशय त्याच्यावरच घ्यायचा, हे मला प्रयोगशाळेने शिकवलं.

पण डब्यांवर तर 90 पीपीएमचा (दहा लाख भागांत 90, म्हणजेच किलोला 90 मिलिग्रॅम) नियम आहे ना? मीही हेच विचारलं. आहे. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं 90 पीपीएमपेक्षा जास्त नको, असा केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाचा नियम 1 नोव्हेंबर 2016 चा आहे, वर्षभरानंतर लागू झाला, आणि तसं डब्यावर छापावंही लागतं. मी गोदामात जाऊन आमचे डबे पालथे केले. पांढऱ्या आणि लाल डब्यावर ते वाक्य होतं. पिवळ्यावर नव्हतं. त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं: औद्योगिक वापरासाठी. तो नियम औद्योगिक रंगांना लागूच नाही. यंत्रांना, लोखंडी फाटकांना लावायचा रंग आम्ही वर्षानुवर्षं कैऱ्यांना लावत होतो, कारण दुकानदार तो "एक नंबर" म्हणून द्यायचा आणि आम्ही तो घ्यायचो. डबा उलटा करून वाचला कोणी?

इथे आणखी एक गोंधळ आहे, तो मला सुटायला महिना लागला. रंगाच्या नियमातले 90 आणि खेळण्याच्या मानकातले 90 हे एक नव्हेत. डब्याच्या नियमात रंगातलं एकूण शिसं मोजतात. खेळण्यात, आम्लात उतरून बाहेर येणारं. लेड क्रोमेट आम्लात फारसं विरघळत नाही, म्हणून खेळण्याचा आकडा मूळ शिशापेक्षा पुष्कळ लहान दिसतो. कुतूहल म्हणून मी आणखी 1,900 आणि वर कर भरून त्या पिवळ्याची एकूण शिशाची चाचणी करून घेतली. 1.9 टक्के आलं. म्हणजे 19,000 पीपीएम. कोणी तुम्हाला प्रमाणपत्र दाखवून "लेड 90 च्या आत" म्हणालं तर आधी विचारा, कुठलं 90? दोन्ही कळल्याशिवाय त्या कागदाला अर्थ नाही.

अहवालानंतर धाकट्याला बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी बोटातून नको, शिरेतूनच रक्त घेऊ म्हटलं, कारण बोटाला शिसं लागलेलं असलं तर आकडा फसवा येतो. मग खूप प्रश्न विचारले: घरात काजळ-सुरमा घालता का, हळद सुटी आणता का, जुन्या भिंतीचा रंग निघतोय का, मुलगा वर्कशॉपमध्ये खेळतो का. सुट्या हळदीतही पिवळेपणासाठी हेच लेड क्रोमेट मिसळलेलं सापडतं, हे मला तिथं कळलं. रिपोर्टला आठ दिवस लागले. या नऊ महिन्यांत मी बऱ्याच रिपोर्टांची वाट पाहिली, पण झोप फक्त याच आठ दिवसांत उडाली होती. डेसिलिटरला 6.4 मायक्रोग्रॅम आलं. डॉक्टर म्हणाले, जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या सूचनांप्रमाणे 5 च्या वर गेलं की उगम शोधून तो बंद करायचा, आहारात लोह आणि कॅल्शियम बघायचं, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. शिसं काढायची औषधं 45 च्या वर विचारात घेतात. सुरक्षित अशी पातळी मात्र कुठलीच नाही. अण्णा बाहेर बाकावर बसले होते. आकडा सांगितला तेव्हा ते नुसते "हं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळ्या रंगाचे तिन्ही डबे त्यांनी स्वतः उचलून मागच्या शेडमध्ये ठेवले.

ऑगस्ट असाच गेला. 31 ला चतुर्थी, चाकरमानी घरी आलेले, आणि पावसात तसाही रंग वाळत नाही. पुण्याच्या दुकानाला खरं काय ते कळवलं. त्यांनी ऑर्डर रद्द न करता पुढे ढकलली, त्याबद्दल त्यांचे उपकार.

सप्टेंबरभर रंगांचे प्रयोग केले. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक घेतले, कंपनीकडून प्रत्येक रंगाच्या लॉटचा चाचणी अहवाल मागून. "लेड फ्री आहे हो" असं तोंडी आश्वासन किंवा छापील पत्रक घेऊ नका, लॉट नंबर असलेला कागदच मागा. दोन कंपन्यांनी उत्तरच दिलं नाही. तिसरीने दिलं. नवा पिवळा सेंद्रिय रंगद्रव्याचा, म्हणजे झाकण्याची ताकद कमी. एका हातात लाकूड दिसतं. शेवटी आधी पांढऱ्याचा हात आणि वर पिवळ्याचे दोन, असं बसलं. पाण्याच्या रंगाने पांगाऱ्याचे तंतू उभे राहतात, म्हणून पहिल्या हातानंतर बारीक पॉलिश पेपर मारावा लागतो. एका फळाला रंगाचा खर्च चार रुपयांवरून अकरावर गेला. आणि खरं सांगते, जुना पिवळा जास्त सुंदर होता.

12 ऑक्टोबरला सहाही रंगांचे नमुने पुन्हा पाठवले. पुन्हा 13,452. दिवाळी झाल्यावर, 28 ला अहवाल. पाच पास. हिरव्यात मोजलेला आकडा 134. या चाचणीत प्रयोगशाळा-प्रयोगशाळांतल्या फरकासाठी शिशाच्या आकड्यातून तीस टक्के वजा करतात. वजा करून 93.8. नापास.

नव्या पिवळ्यात शिसं नाही, निळ्यात नाही, मग हिरव्यात आलं कुठून? ब्रश बदलले होते, टर्पेंटाइनचे डबे फेकले होते. मी दोन दिवस सगळ्यांची उलटतपासणी घेतली. तिसऱ्या दिवशी जेवताना अण्णाच म्हणाले, "आंब्याचा पान असा फिक्का नसता. वायच जुनो रंग टाकलंय मी." डब्याच्या तळाशी उरलेला चमचाभर. देठाजवळच्या पानाला हवी तशी पोपटी झाक यावी म्हणून. एवढंच.

रागावणार कसं? चाळीस वर्षं ज्या नजरेवर परडी विकली गेली, तीच नजर होती ती. पण चमचाभर रंगाने अख्खा लॉट घालवला हेही खरं. त्या दिवशी जुन्या डब्यांच्या शेडला कुलूप लागलं आणि किल्ली अण्णांनी माझ्याकडे दिली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात धाकट्याचं रक्त पुन्हा तपासलं, 4.1. आणि 24 नोव्हेंबरला फक्त हिरव्याचा तिसरा अहवाल आला, 11. त्याचे 2,242 भरताना पहिल्यांदाच काही वाटलं नाही.

यानंतरचा भाग कंटाळवाणा आहे पण भीतीदायक नाही. खेळण्याच्या बाकीच्या चाचण्या करून घेतल्या, कर धरून 17,110. लिंबाचा देठ आम्ही वेगळा चिकटवायचो, तो निघून घशात अडकू शकतो म्हणून आता अखंड कोरतो. 9 डिसेंबरला ब्युरोच्या 'मानक ऑनलाइन' पोर्टलवर अर्ज केला. तेव्हा अर्जाचे हजार रुपये, तपासणीचे दिवसाला सात हजार, परवान्याचे वर्षाला हजार, सगळ्यावर जीएसटी, शिवाय मार्किंग फी, म्हणजे चिन्ह वापरण्याचे पैसे. सूक्ष्म उद्योगाला मार्किंग फीमध्ये मोठी सवलत मिळते, त्यासाठी उद्यम प्रमाणपत्र आधीच अपलोड करा. स्वतःची प्रयोगशाळा हवी या अटीतही सूक्ष्म उद्योगांना सुरुवातीला सूट होती, आम्हाला तिचाच आधार मिळाला. अर्ज करताना ती सध्या किती काळाची आहे हे शाखा कार्यालयात विचारून घ्या. आमचा अर्ज दोनदा परत आला. एकदा वर्कशॉपच्या नकाशावर रंगकामाची जागा वेगळी दाखवली नव्हती म्हणून, एकदा वजनकाट्याचं कॅलिब्रेशन संपलं होतं म्हणून. दोन्ही हरकती रास्त होत्या.

18 जानेवारी 2023 ला तपासणी अधिकारी आल्या. मी शंभर उत्तरं पाठ केली होती. त्यांनी यंत्रांकडे दहा मिनिटं पाहिलं आणि पुढचे दोन तास माझ्या वह्यांकडे. कुठल्या तारखेच्या फळांना कुठल्या लॉटचा रंग? त्या लॉटचं बिल? त्याचा अहवाल? नवा डबा आला की वापरण्याआधी कोण काय बघतं? हिरव्याच्या फजितीनंतर मी दर डब्यावर तारीख आणि नंबर चिकटवायला लागले होते, ती सवय कामी आली. कुलूपबंद शेड पाहून त्यांनी आत काय आहे विचारलं. सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. मग तयार मालातून स्वतः नमुने निवडून सील केले.

नंतर नुसती वाट पाहणं. फेब्रुवारी संपला. परवाना आला तो शिमग्याच्या आठवड्यात, गावात ढोल वाजत असताना, मेलवर एक पीडीएफ म्हणून. आता लेबलवर आयएसआयचं चिन्ह, वर मानकाचा क्रमांक, खाली सीएम/एल ने सुरू होणारा आमचा परवाना नंबर. तुम्ही ग्राहक असाल तर कुठल्याही खेळण्यावरचा हा नंबर 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून बघा. परवाना कोणाचा आणि चालू आहे का, लगेच दिसतं. सगळा खर्च, वाया गेलेला माल धरून, एक लाख दहा हजारांच्या आसपास गेला. त्यात नुसत्या रंगाच्या चाचण्या 31,388.

जुन्या रंगाची 340 फळं राहिली. ती विकायची नाहीत हे ठरलेलं. जाळायची नाहीत, कारण शिसं धुरात जातं. घासून रंग काढायचा नाही, कारण त्याची धूळ सगळ्यात वाईट. धोकादायक कचरा घेणाऱ्या केंद्राशी बोलणं चालू आहे, पण एवढ्याशा मालासाठी गाडी पाठवायला कोणी तयार नाही. तोवर फळं आणि तीन डबे एका झाकणाच्या पिंपात बंद करून शेडमध्ये आहेत. कोणाला सिंधुदुर्ग-रत्नागिरीत असा माल स्वीकारणारी सोय माहीत असेल तर जरूर कळवा.

अण्णा अजून नव्या पिवळ्यावर खूश नाहीत. परवा त्यांनी पांढऱ्या हाताऐवजी आधी फिकट केशरी हात देऊन वर पिवळा लावून पाहिला. कैरीला पिकत आल्याची झाक आली. मी लॉट नंबर लिहून घेतला आणि सहा नगं प्रयोगशाळेसाठी बाजूला ठेवली.